दाराची आतली बाजू

दाराला दोन बाजू असतात, पण फोटो निघतात ते बहुतेक बाहेरच्याच बाजूचे. वाड्याचा दरवाजा असेल तर ते समजण्यासारखं आहे. लोखंडी सुळे, पितळी फुल्या, गणेशपट्टी, दिंडी असा सगळा मिरवायचा ऐवज तिथे बाहेरच असतो. कॅलेंडरं आणि हॉटेलांच्या भिंती या दरवाजांनी भरून गेल्या आहेत, त्यामुळे त्यांच्याविषयी इथे काही लिहीत नाही. हे प्रकरण साध्या दारांचं आहे: कोकणातल्या ओटी-पडवीच्या घराचं, मुळशी-भोरकडच्या मावळातल्या उतरत्या छपराच्या घराचं, गोठ्याचं, परसाकडे उघडणारं. या दारांच्या बाबतीत माझं मत असं, की बाहेरची बाजू पाहुण्यांसाठी असते. घर कशाला भीत होतं, कुठे काटकसर करत होतं, हात कुठे पडत होता आणि पाय कुठे, हे आतून कळतं. म्हणून साध्या दाराचा फोटो काढायचा तर आत जावं लागतं, आणि आत जायचं तर कुणीतरी ‘या’ म्हणावं लागतं. कॅमेरा, भिंग, उजेड या गोष्टी त्याच्यानंतर.

या घरांना लाकडी म्हणायचं का, असा प्रश्न पडू शकतो. डोळ्यांना आधी दिसतात त्या भिंती, कुठे जांभ्याच्या चिऱ्यांच्या, कुठे मातीच्या, कुठे कुडाच्या. पण बऱ्याच जुन्या घरांत छपराचं ओझं पेलतात ते खांब. जोत्यावर खांब, खांबांवर तुळया, वर आढं, आढ्यावरून उतरणारे वासे, वाशांवर रिपा आणि त्यांवर कौलं. भिंत मधली जागा भरून काढते. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांतही लाकडाचा असाच सांगाडा असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाडजूड भिंती ढासळल्या, आणि कित्येक ठिकाणी खांब-तुळयांचा सांगाडा भिंतींवाचून उभा राहिलेला दिसला. घराचं हाड कुठलं, ते त्या दिवशी उघड्यावर आलं.

दाराची चौकट या सांगाड्याच्या नात्यातली. भिंत बांधून झाल्यावर मोकळ्या जागेत दार बसवायचं ही आजची रीत. पूर्वी चौकट आधी उभी राहायची. मुहूर्त बघून, हळदकुंकू वाहून ती बसवायची आणि मग तिच्या दोन्ही अंगांनी भिंत चढवत न्यायची. वरच्या आडव्या लाकडाची आणि उंबऱ्याची टोकं चौकटीबाहेर वीतभर काढलेली असत. ती भिंतीत गाडली गेली, की चौकट हलत नसे. फोटोत ही टोकं सहसा दिसत नाहीत, गिलाव्याखाली असतात. पण गिलावा फुटला असेल तर तिथे थांबावं. घर कसं उभं राहिलं ते त्या वीतभर जागेत कळतं.

बिजागरीशिवाय

साध्या दाराला बहुतेक वेळा दोन झडपा असतात. याचं कारण शोभा नव्हे. एका अखंड झडपेइतक्या रुंद फळ्या मिळायला झाड तेवढं जुनं लागतं, आणि मिळाल्या तरी सगळं वजन एकाच कडेवर येतं. दोन अरुंद झडपा कमी जागेत उघडतात आणि कमी लोंबतात. एका झडपेच्या कडेला उभी पट्टी ठोकलेली असते, ती दुसरीवर बसते आणि मधली फट झाकते. त्यामुळे पट्टीची झडप आधी उघडावी लागते आणि शेवटी लावावी लागते. साहजिकच तिचा वापर जास्त आणि झीजही जास्त. दोन्ही झडपांचे फोटो शेजारी ठेवले, तर पट्टी न बघताही ती कुठली ते ओळखता येतं.

जुन्या दारांना बिजागरी नसते. झडपेच्या भिंतीकडच्या कडेचं लाकूड खाली आणि वर थोडं जास्त ठेवून त्याला गोल आकार देतात. खालचं टोक उंबऱ्यातल्या खळग्यात बसतं, वरचं टोक चौकटीच्या माथ्यावरच्या भोकात. दार या दोन टोकांवर फिरतं आणि करकरतं. करकर जास्त झाली की खळग्यात तेलाचे दोन थेंब. अशी झडप बंद असताना बाहेरून उचकटून काढता येत नाही, आणि लोहाराकडे जावं न लागता सुतार एकटा ती पुरी करू शकतो. लोखंड महाग असलेल्या मुलखात ही फार शहाणी योजना होती. वर्षानुवर्षांच्या फिरण्याने खळगा मोठा होत जातो, झडप बसत जाते आणि तिचं मोकळं टोक जमिनीवर घासायला लागतं. जमिनीवर मग कमानीसारखी खूण उमटते. दाराचा फोटो काढताना कॅमेरा खाली वळवला नाही, तर ही खूण हुकते. शेणाने सारवलेल्या जमिनीवर ती दर सारवणीनंतर पुसली जाते आणि परत उमटते.

मग अडसर. झडपांच्या मागून आडवा सरकणारा हा लाकडी दांडा. त्याच्यासाठी भिंतीत एका बाजूला लांब पोकळी ठेवलेली असते. दिवसा अडसर त्या पोकळीत, रात्री ओढून दुसऱ्या बाजूच्या खाचेत. त्याची पुढची कड धरून धरून इतकी गुळगुळीत होते, की दिव्याच्या उजेडात ती एकटीच चमकते. अडसराची जाडी आणि दाराची जाडी यांचा मेळ बघण्यासारखा असतो. पातळ फळ्यांच्या दारामागे मनगटाएवढा अडसर असला, तर घरात पैसा कमी आणि काळजी जास्त, असा माझा आडाखा आहे. त्याला पुरावा मागू नये.

लाकूड कुठलं, ते घरच्यांना विचारावं. साग प्रत्येकाला परवडत नव्हता. कोकणात फणस, ऐन, किंजळ ही नावं कानावर येतात. फणसाचा गाभा कापल्यावर हळदीसारखा पिवळा असतो. बौद्ध भिक्षूंच्या वस्त्रांना रंग देण्यासाठी तो वापरला गेला, तो याच गुणामुळे. उजेड लागत गेला की तो तांबूस आणि मग गडद तपकिरी होतो. त्यामुळे एकाच दारात नंतर बदललेली फळी वेगळी दिसते, आणि काही वर्षांनी परत इतरांत मिसळून जाते. दुरुस्ती ताजी असतानाच फोटोत पकडता येते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आंबा-फणसाची झाडं रयतेकडून जबरीने तोडून आणू नयेत, अशी ताकीद आहे. आरमाराच्या गलबतांनाही लाकूड हवं होतं आणि गावच्या घरांनाही. दारात फणसाची फळी दिसते तेव्हा मला या ताकिदीची आठवण येते.

घराचं वय आणि दाराचं वय एकच धरून चालू नये. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळूरला काढला तो १८६५ मध्ये. त्याआधीची घरं गवताने नाहीतर कुंभाराच्या नळीच्या कौलांनी शाकारलेली. छप्पर बदलतं, भिंत बदलते, आणि दार मात्र एका घरातून काढून दुसऱ्या घराला लावलं जातं. चौकटीवर रिकाम्या खाचा दिसल्या, कशासाठी ते कळेना, तर ते लाकूड आधी दुसरीकडे कुठेतरी राबलेलं असतं.

कॅमेऱ्याने साधं दार कधी पाहिलं

फार लवकर पाहिलं. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रज संशोधकाने १८४४ मध्ये लॅकॉक इथे एका उघड्या दाराचा फोटो काढला. दाराला टेकवलेला खराटा, बाजूला टांगलेला कंदील, आत अंधार. ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या त्याच्या पुस्तकात हे चित्र आहे, आणि फोटो चिकटवून विक्रीला काढलेल्या पहिल्या पुस्तकांत त्या पुस्तकाची गणना होते. म्हणजे फोटोग्राफीला बाळसं धरतानाच साध्या दाराची ओळख झाली होती. पण ओळख पुढे वाढली नाही. १८५१ मध्ये फ्रान्सच्या सरकारी आयोगाने पाच फोटोग्राफर देशभर धाडले, ते चर्चं आणि किल्ले टिपायला. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड तिच्यात होते. पश्चिम भारतातल्या लेण्यांचे, मंदिरांचे, मशिदींचे उत्तम फोटो त्या शतकात निघाले. शेतकऱ्याच्या घराचं दार त्यांत आलंच, तर मागच्या बाजूला, चुकून.

सरकारी खर्चाने साध्या इमारतींकडे नेटाने बघितलं ते अमेरिकेने, तेही मंदीमुळे. १९३३ मध्ये चार्ल्स पीटरसन या वास्तुतज्ज्ञाने बेकार वास्तुरचनाकारांना काम मिळावं म्हणून जुन्या इमारतींची मापं, आराखडे आणि फोटो घेण्याची योजना मांडली. त्यात हवेल्या होत्याच, पण कोठारं, गिरण्या आणि लाकडी फळ्यांची साधी घरंही होती. ते सगळं लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलेलं आहे. तीन वर्षांनी, १९३६ च्या उन्हाळ्यात, वॉकर इव्हान्स अलाबामात कुळांच्या घरांपुढे मोठा कॅमेरा घेऊन उभा राहिला. त्याची पद्धत सोपी आणि कठोर होती. समोरून, सरळ, कुठलीही कलाकुसर न करता. पाइनच्या फळीतली गाठ आणि खिळ्याचा गंज त्याने माणसाच्या चेहऱ्याइतक्याच अदबीने टिपला. दाराचा फोटो काढू बघणाऱ्याने इव्हान्सचे फोटो निवांत पाहावेत. मावळत्या उन्हातल्या सोनेरी दारांची बरीचशी हौस त्याने फिटते.

आपल्याकडे पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात आणि गोव्यात तोर्ड्याच्या ‘हाउसेस ऑफ गोवा’ संग्रहालयात दारं-खिडक्या बघायला मिळतात. तिथे जावं. पण संग्रहालयात आलेलं दार निवडून आलेलं असतं, आणि ते कुठे उघडत होतं ते आता तिथे नसतं. आपल्या कायद्यांची नजरही साध्या घरावर फारशी पडत नाही. बृहन्मुंबईला १९९५ मध्ये वारसा नियमावली मिळाली, ती शहरापुरती. खेड्यातल्या खासगी घराचं दार उद्या मोडलं, तर त्याची नोंद कुणी ठेवायची असा नियम नाही. ठेवलीच तर ती हौशी माणसाने.

उजेड

कोकणातल्या घराचं पुढचं दार कधीच उन्हात नसतं. छप्पर खाली उतरलेलं, पुढे पडवी, त्यामुळे दारापर्यंत पोचतो तो अंगणावर पडून उडालेला उजेड. ही गोष्ट सोयीचीही आहे आणि अडचणीचीही. सोयीची अशी, की उजेड मऊ असतो. अडचणीची अशी, की तो अंगणाचा रंग घेऊन येतो. जांभ्याची फरसबंदी असेल तर दार तांबडं दिसतं, पावसाळ्यात समोर झाडी माजलेली असेल तर हिरवट, नुकतं चोपून सारवलेलं अंगण असेल तर आणखी वेगळं. डोळा हे सुधारून घेतो, कॅमेरा घेत नाही. फोटोग्राफीच्या दुकानात मिळणारं करड्या रंगाचं कार्ड दाराशी धरून पहिला फोटो घ्यावा, म्हणजे नंतर रंग त्यावरून जुळवता येतो. फणस की ऐन हे फोटोवरून कुणी ठरवू बघणार असेल, तर एवढं तरी करायलाच हवं.

भर दुपारी अंगण पांढरंफटक आणि पडवी काळी, हे दोन्ही एका फोटोत मावत नाही. ढगाळ दिवस सगळ्यात चांगला, नाहीतर सकाळची कोवळी वेळ. पावसाळ्यात ओलं लाकूड गडद होतं आणि रेषा उठून दिसतात, पण बुरशीही दिसते आणि झडपा फुगून नीट लागत नाहीत. हिवाळ्यात त्या आकसतात, फळ्यांमधल्या फटी उघडतात. फट हा दोष नाही. ती जागा न ठेवता फळ्या घट्ट बसवल्या असत्या, तर जूनमध्ये दार चौकटीत अडकलं असतं. सवड असेल तर एकाच दाराचे मे आणि ऑगस्टमधले फोटो काढावेत. सुताराने किती सूट ठेवली होती, ते शेजारी ठेवल्यावर मोजता येतं.

लाकडाच्या पृष्ठभागावर काय आहे हे बघायचं तर उजेड समोरून नको, कडेने हवा. यासाठी साधी बॅटरी पुरते. दार सावलीत असताना बॅटरी फळीला जवळजवळ चिकटवून आडवा झोत सोडावा. सपाट वाटणारी फळी एकदम बोलू लागते. वाकसाने तासलेली असेल तर उथळ, एकमेकांवर चढलेले खवले दिसतात. एकाने वर आणि एकाने खाली उभं राहून ओढलेल्या करवतीच्या रेघा सरळ पण किंचित तिरक्या, अंतर कमीजास्त. गोल पात्याच्या यंत्राने कापलेली असेल तर रेघा कमानदार. रंधा मारलेला असेल तर बाहेरची बाजू गुळगुळीत आणि आतली तशीच खरबरीत राहिलेली, कारण रंध्याची मेहनत जिथे लोक बघतील तिथेच खर्च केलेली. दाराच्या दोन बाजूंची एकमेकांशी तुलना केली, तर हा हिशेब फार स्पष्ट दिसतो.

उन्हापावसात उघड्या पडलेल्या दाराची गोष्ट वेगळी. उन्हातले अतिनील किरण लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणारं लिग्निन मोडतात, पाऊस ते धुऊन नेतो, आणि मागे राहिलेला पृष्ठभाग राखाडी होतो. मऊ थर आधी झिजतात, घट्ट थर उंचवटे होऊन राहतात. मऊ लाकडाची अशी झीज शतकाला सुमारे ६ मिलिमीटर धरतात, सागासारख्या लाकडात ती त्याहून कमी. गोठ्याच्या दाराचा खालचा हातभर भाग वरच्यापेक्षा नेहमी जास्त खाल्लेला असतो, पागोळ्यांचं पाणी जमिनीवरून उडून तिथे लागतं म्हणून.

कॅमेरा सरळ, दार वाकडं

दार सरळ दिसावं म्हणून कॅमेरा दाराच्या निम्म्या उंचीवर आणि त्याला समांतर धरतात. जुनी दारं पाच-साडेपाच फुटांची, तेव्हा कॅमेरा पोटाच्या उंचीवर येतो. उभं राहून डोळ्यापाशी धरला, तर दार खाली निमुळतं होतं. फोनचं रुंद भिंग जवळून वापरलं तर कडा ताणल्या जातात. मागे सरकायला जागा असेल तर मागे सरकावं. पडवीत ती नसते, आणि मध्ये खांब येतो. तेव्हा एक फोटो सरळ, निम्म्याच दाराचा, आणि एक कडेने, पुऱ्या दाराचा, एवढ्यावर भागवावं.

खरी गफलत पुढे होते. घरी आल्यावर संगणकावर उभ्या रेषा सरळ करायचं बटण असतं. ते दाबलं की चौकट काटकोनात येते. पण चौकट काटकोनात नव्हतीच. डावा खांब वाळवीने खालून खाल्ला, तो बोटभर खचला, आणि वरचं लाकूड त्या बाजूला कललं. त्या बटणाने घराचं दुखणं पुसलं जातं. म्हणून पाणसळ कॅमेऱ्याला लावावी, दाराला नाही. जमलं तर चौकटीशेजारी ओळंबा सोडून एक फोटो घ्यावा. सुतार किंवा गवंडी जवळपास असेल तर तो हौसेने ओळंबा देतो, वर चार गोष्टीही सांगतो.

माप दिसावं म्हणून फूटपट्टी ठेवावी. नाणं ठेवू नये, नाण्यांचे आकार सरकार बदलतं. तिपाई असेल तर बाकीचं सोपं: एफ ८ च्या आसपासचं छिद्र, कमी आयएसओ, आणि उजेड कमी असेल तेवढा वेळ जास्त. दार हलत नाही. घरातली मांजर हलते, ती फोटोत धुरकट आली तरी हरकत नाही.

आत

मागच्या दाराची आतली बाजू बहुतेक स्वयंपाकघरात असते आणि चुलीच्या धुराने काळी झालेली असते. ही काजळी किड्याला दूर ठेवते असं घरोघर सांगतात. कॅमेऱ्याची मात्र ती फसवणूक करते. काळ्या दाराला कॅमेरा अंधार समजतो आणि फोटो उजळवून करडा करतो. एक ते दोन पायऱ्यांनी उजेड कमी करावा, तेव्हा काळं काळं येतं आणि त्या काळ्यात वस्तू दिसायला लागतात. खुंटीवर अडकवलेली पिशवी. खालच्या कोपऱ्यात उंदराने कुरतडलं म्हणून ठोकलेला डालड्याच्या डब्याचा पत्रा, त्याच्यावर अजून वाचता येणारी अक्षरं. एका मोडक्या पट्टीच्या जागी बसवलेली खाटेची जुनी पाटी. खिळे चौकोनी दांड्याचे, लोहाराने घडवलेले, की कारखान्यातले गोल, हेही इथेच कळतं, कारण आत रंग चढलेला नसतो.

कडीकडे जरा जास्त वेळ द्यावा. लोंबती कडी उघडझाक करताना झुलते आणि तिचं टोक फळीवर घासतं. पिढ्यानपिढ्या तसं होत राहिलं, की फळीवर अर्धवर्तुळ कोरलं जातं, कुणी न कोरता. कधी दोन अर्धवर्तुळं असतात, एक लहान, एक मोठं. म्हणजे कडी मध्येच कधीतरी बदलली. कोयंड्याभोवती लाकूड काळपट आणि गुळगुळीत, हाताच्या तेलाने. आणि उंबरा मध्ये झिजून खाली गेलेला. ही झीज वरून काढलेल्या फोटोत दिसत नाही. कॅमेरा जमिनीवर टेकवावा, उंबऱ्यावर सरळ काठी आडवी ठेवावी, काठी आणि लाकूड यांच्यातली पोकळी दिसते. कोकणात लक्ष्मीचा वावर उंबऱ्यात मानतात, तेव्हा काठी ठेवण्याआधी विचारावं.

बाहेरच्या बाजूला एक गोष्ट मात्र अशी असते, जी आत नसते: सरकार. खानेसुमारीचे आकडे, ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा पत्रा, पल्स पोलिओवाल्यांनी खडूने लिहिलेलं ‘पी’ अक्षर आणि तारीख. १९९५ पासून ही मोहीम देशभर चालली, आणि घरोघर फिरणाऱ्यांनी आपल्या कामाचा हिशेब दारांवर ठेवला. घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला की ‘पी’, कुणी राहिलं तर फुली. त्याच्या शेजारी कुंकवाची बोटं, शुभ-लाभ, आणि वर नव्याच्या सणाला बांधलेल्या भाताच्या वाळक्या लोंब्या आंब्याच्या पानासकट. फोटो नेटका यावा म्हणून यातलं काही काढू नये. वाळक्या लोंबीवरून तो फोटो कुठल्या महिन्यातला, हे पुढे कुणालाही सांगता येईल.

‘या’ म्हणण्याआधी आणि नंतर

सिंधुदुर्गात कुणा काकींच्या मागच्या दाराकडे कॅमेरा वळवला, की एक वाक्य हटकून येतं. “ह्या दाराचो फोटो कित्याक? पुढचा दार बघ, तेका चतुर्थेक रंग काढलो हा.” यात आतिथ्य आहे आणि थोडी लाजही. पडक्या दाराच्या फोटोतून घराची गरिबी चव्हाट्यावर येईल, ही भीती खोटी नाही. अशा वेळी आधी पुढच्या दाराचा फोटो काढावा, मनापासून, काकींना शेजारी उभं करून. त्यालाही अर्थ आहे. ऑइलपेंटचे थर दर गणपतीला चढत गेलेले असतात, एखादा टवका उडाला असेल तर त्या जागी निळा, हिरवा, विटकरी अशी वर्षं एकाखाली एक दिसतात. सगळ्यात खाली कधी काजूच्या टरफलाच्या तेलाचा काळा हात. तो टवका जवळून टिपावा.

दुसरा प्रश्न येतो तो, “तलाठ्याकडून आलात काय?” जुनं घर म्हणजे भाऊबंदांचा वाटा, आणि वाटा म्हणजे खटला. दाराचा फोटो कोर्टात कुणाच्या कामाला येईल असा संशय घेणारा माणूस वेडा नसतो. बंद घर असेल, दाराला कुलूप आणि चाकरमानी मुंबईला, तर अंगणात शिरण्याआधी शेजाऱ्यांमार्फत फोन करावा. ही घरं गणपतीत आणि शिमग्याला उघडतात, तेव्हा माणसं भरपूर आणि सवड कमी. विसर्जनानंतरचे एक-दोन दिवस बरे असतात.

फोनवर काढलेल्या फोटोत ठिकाणाचे आकडे आपोआप भरले जातात. स्वतःच्या नोंदीसाठी ते हवेतच. पण तोच फोटो जगाला दाखवताना काढून टाकावेत. जुनी दारं विकत घेणारे आणि त्यांची टेबलं करणारे व्यापारी फोटो बघतात, आणि कुलूपबंद घर कुठे आहे याचा पत्ता आपण त्यांना देऊ नये. नोंदीत मात्र सगळं असावं: गाव, वाडी, दाराचं तोंड कुठल्या दिशेला, कुठल्या खोलीतून कुठे उघडतं, लाकूड कुठलं आणि ते कुणी सांगितलं, सुताराचं गाव माहीत असेल तर ते, तारीख. फोटोची एक छापील प्रत घरी पोचवावी. त्यानंतर त्या घरातली आणखी दारं उघडतात.

दार निघतं तेव्हा

घर पाडायचं ठरलं असं कळलं, तर हळहळत बसू नये, त्या दिवशी हजर राहावं. दाराला तिसरीही बाजू असते आणि ती फक्त त्याच दिवशी दिसते. भिंत उतरली की चौकट सुटते, आणि बांधल्यापासून कुणी न पाहिलेले तिचे भाग बाहेर येतात: भिंतीत गाडलेली टोकं, चौकटीच्या मागचं न तासलेलं लाकूड, काही वेळा साल तशीच राहिलेली, खाचेत बसवलेलं कुसू आणि त्यातून ठोकलेली लाकडी खुंटी. सुताराने जोडणीच्या खुणा केल्या असतील तर त्याही इथेच सापडतात, कारण गिलाव्याखाली जाणार म्हणून त्या पुसायची गरज नव्हती. जेसीबी यायच्या आत मजुरांना चहा पाजून चौकट आडवी ठेवून घ्यावी, चारही सांध्यांचे फोटो फूटपट्टीसकट घ्यावेत. मग उंबरा उलटा करून त्याची खालची बाजू. वाळवी तिथूनच वर चढते. लाकडाखाली सुताराने काही घातलं होतं का, दगड, चुना की काहीच नाही, हे बघावं आणि लिहून ठेवावं. हे फोटो पंचक्रोशीतल्या एखाद्या म्हाताऱ्या सुताराला दाखवावेत. तो सांधा बघून तो कुणाच्या हातचा, निदान कुठल्या गावच्या हातचा, हे सांगण्याची शक्यता असते, आणि ती माहिती दुसऱ्या कुठल्याही कागदावर सापडणार नाही.